वणेकाठचा हिशेब

नागपूरहून हैदराबादच्या वाटेने निघालं की बुटीबोरीनंतर दोन्ही अंगांना काळ्या मातीची, कपाशीची वावरं सुरू होतात. हिंगणघाटला वणा नदी ओलांडताना परदेशी कर्जावरच्या लघु जलविद्युत प्रकल्पांचा मी पुन्हा विचार करतो, कारण त्यांची खरी परीक्षा हिमालयात नाही, अशा सपाट मुलखात होते. वीज मिळते उंची आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून. दहा मीटरवरून सेकंदाला पाच घनमीटर पाणी सोडलं, तर यंत्रातली घट वजा जाता सुमारे 400 किलोवॅट हाती येतात. वर्षभरात 35 लाख युनिट, पण पाणी चारच महिने असेल तर साडेअकरा लाख. वणेला उंची नाही आणि पाणी मुख्यतः पावसाळ्याचं. म्हणून इथे विचार करायचा तो वरच्या अंगाच्या निम्न वणासारख्या सिंचन प्रकल्पांचा, धरणाच्या पायथ्याचा आणि कालव्याच्या उताराचा. जागतिक बँकेने 1992 मध्ये मंजूर केलेल्या, 'इरेडा' या अक्षय ऊर्जेला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत राबवलेल्या प्रकल्पात लघु जलविद्युतेचा भर सिंचनाच्या अशाच पाण्यावर होता. नवं गाव बुडत नाही, नवं वावर जात नाही. ही बाजू भक्कम आहे आणि मी ती मनापासून मानतो.

अडचण हप्त्यांची आहे. पाणी सुटतं ते कास्तकाराच्या पाणीपाळीने, हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. परदेशी कर्जाचं व्याज कमी असतं, असं सांगतात. खरं आहे. पण 1993 मध्ये सुमारे 31 रुपयांना मिळणारा डॉलर आज ऐंशीच्या वर आहे, आणि वीज विकली जाते रुपयांत. व्याजात वाचलेलं विनिमयात जाऊ शकतं. मग परदेशी पैसा नकोच का? तसंही नाही, देशी बँका लांब मुदतीचं कर्ज द्यायला कचरतात, तिथे तो उपयोगी पडतो, पण काही अटींवर. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये याच हिंगणघाटात वारले. त्यांच्या मोजणीइतक्याच चिकाटीने आधी प्रवाह मोजावा, कोरडी वर्षंही धरून. हप्ते पाणीपाळीच्या महिन्यांत बांधावेत. आणि रुपया घसरल्याचा भार कर्ज देणारी संस्था व केंद्र सरकार यांनी वाटून घ्यावा. तो वीजबिलात उतरवला, तर कापूस विकून बिल भरणाऱ्या घरांनी डॉलरचा जुगार खेळल्यासारखं होईल, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नसेल.