बैठकीचे ताट

व्यवहाराच्या बैठकीची तयारी म्हणजे विषयपत्रिका, खुर्च्या आणि हिशेबाचे कागद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जेवण ही किरकोळ बाब मानून ती आचाऱ्यावर सोपवली जाते. आमचा अनुभव मात्र निराळा आहे.

पुणे-सातारा महामार्गावर, नीरेच्या काठी वसलेले सारोळे अशा बैठकांना सोयीचे ठिकाण. अलीकडे भोर-वेल्ह्याचा भातपट्टा, पलीकडे शिरवळचे कारखाने. साहजिकच एका टेबलाभोवती शेतकरी, व्यापारी, अधिकारी आणि मालवाहतूकदार एकत्र येतात. त्यांत एखादा माळकरी असतो, एखादा जैन. कुणाला हलाल मांसच चालते, कुणाला मधुमेह असतो. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी आम्ही स्वतः मांस वर्ज्य करतो.

'सगळे शाकाहारी ठेवा, म्हणजे प्रश्न मिटला,' असे पुष्कळजण सुचवतात. पण तो मिटत नाही. बटाटा जैन पाहुण्यास चालत नाही. एकादशीस तोच बटाटा माळकऱ्यास चालतो, मात्र भात चालत नाही. उपवासाची साबुदाणा खिचडी मधुमेह्यास त्रासदायक. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यास रात्री नऊचे पक्वान्न काय कामाचे?

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटे मांडली गेली. रानडे, टिळक आदी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्धीस दिली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि त्या दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. तेव्हा खाणाऱ्यास शिक्षा होती. आज न खाणाऱ्यास होते, तीही नकळत. 'तेवढे तुकडे बाजूला काढा' असे हसत सांगितले की तो 'भूक नाही' म्हणतो आणि चहाचा पेला घेऊन ओसरीवर जाऊन बसतो. आत पंगतीत भाताचा दर ठरून जातो. ज्याचे ताट नाही, त्याचा शब्दही राहत नाही.

वाचकहो, उपाय खर्चाचा नाही. निमंत्रणातच 'आपणांस काय चालत नाही?' एवढे विचारावे. तारीख ठरविताना पंचांग पाहावे. कांदा-लसणाविना मुगाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि एखादी फळभाजी केली, तर बहुतेकांची सोय होते. प्रत्येक भांड्यास स्वतंत्र पळी असावी आणि त्यासमोर पदार्थाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. मांसाहार ठेवायचा असल्यास त्याची मांडणी वेगळी असावी.

खाण्यावरून रोमच्या मंडळीत तट पडले, तेव्हा संत पौलाने कोणाचाही आहार बदलण्याचा आग्रह धरला नाही. खाणारा व न खाणारा, दोघांनीही परस्परांचा मान राखावा, असे सांगितले. आपल्या बैठकांनाही तेवढेच पुरेसे आहे. पाहुण्याचे पथ्य विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. त्याच्या शब्दाला बैठकीत जागा करून देणे आहे.