धुळीआडचे तारे

वैशाखात वावटळ उठली की आमच्या धामणगावच्या स्टेशनावर मोठी गंमत होते. बडनेऱ्याकडचा सिग्नल दिसत नाही, पुलगावकडचाही नाही. चहूकडे नजर सारखीच अडते, आणि वाटते, जगाच्या मधोमध आपणच उभे आहोत!

विल्यम हर्शेलसारखा थोर खगोलवेत्ताही असाच फसला. १७८५ साली त्याने निरनिराळ्या दिशांचे तारे मोजून आकाशगंगेचा नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मधोमध! दूरचा प्रकाश ताऱ्यांमधली धूळ गिळते, याचा ठाम पुरावा ट्रंपलरने दिला तो १९३० साली. धुळीआडचा तारा मंद दिसतो, आणि मंद म्हणून आहे त्याहून दूर वाटतो. खरे तर सूर्य मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. रेडिओलहरींना मात्र ही धूळ अडवीत नाही. म्हणून नारायणगावाजवळ खोडदची ३० अँटेनांची दुर्बीण तिच्यापलीकडचा वेध घेऊ शकते.

माझ्यापाशी कुठली आली अशी दुर्बीण? शेवटच्या बाकावरचा एक मुलगा रोज पेंगायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी ‘मंद’ असा शेरा मारला. एका रात्री तो जिनात दिसला. आजारी बापाच्या जागी उभा होता. केस, भुवया रुईने पांढऱ्या झालेल्या. गाठींची वजने तो तोंडी जोडीत होता, माझ्याहून भरभर.

सकाळी शेरा खोडण्यासाठी प्रगतिपुस्तक मागितले. कळले, त्याने शाळा सोडली होती.