मातृत्वाची तजवीज

पुतणीने आज दुधाचे थंड पातेले उचलले मात्र, तिची बोटे आधी पांढरीफटक आणि मग निळसर पडली. ताठरलेल्या त्वचेमुळे लग्नातली अंगठीही तिला कधीच काढून ठेवावी लागली आहे. त्वचा आणि अंतरिंद्रिये कठीण करीत जाणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस हा व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक गाठतो, आणि एके काळी अशा स्त्रीला, तिची कैफियत न ऐकताच, मूल नको असा सरसकट हुकूम मिळत असे. २०१२ साली इटलीतील डॉक्टरांनी अशा १०९ गर्भारपणांचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात सुमारे चतुर्थांश प्रसूती मुदतीपूर्वी झाल्या हे खरे. परंतु बहुतेकींच्या पदरी जिवंत मूल पडले, हेही तितकेच खरे.

मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला असेल, तर गर्भधारणा मातेच्या जिवावर बेतते. तेथे आग्रहाला थारा नाही. इतरींनी रोग स्थिर असताना, हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे तपासून घेऊन, मायकोफिनोलेटसारखे गर्भाला घातक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान ६ आठवडे आधी बदलून घेऊन, मगच हा संकल्प करावा. गरोदरपणी बोटांचा त्रास पुष्कळदा उणावतो, छातीतली जळजळ वाढते. पण रक्तदाब एकाएकी चढला, तर ते मूत्रपिंडांवरचे अरिष्ट असू शकते, आणि तेव्हा एक रात्रही दवडू नये.

डॉक्टरमहाशयांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल हवे की नको, हे तिला पहिल्याच भेटीत विचारा, सासूबाईंना नव्हे, तिला.