कलदाराची दोन मोलं

सराफाच्या पेढीवर राणीछाप कलदार, म्हणजे चांदीचा रुपया, ठेवला की तो आधी काट्यावर चढतो. राणीच्या चेहऱ्याकडे कुणी बघतही नाही. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर एक तोळा. त्यात बारा हिश्श्यांतले अकरा हिस्से चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. किलोला लाखाचा भाव धरला तर हजारावर सत्तरेक रुपये होतात, आणि नाणं झिजलेलं असेल तर घट धरून त्यातूनही थोडे कापले जातात. राणी असो की सातवा एडवर्ड, सन कोणतंही असो, हिशोब तोच. मला हा रोखठोकपणा आवडतो. त्यात कुणाची भलावण नाही की कुणाची फसवणूक नाही.

संग्राहक मात्र काट्याला हातही लावत नाही. तो भिंग काढतो. सन, टाकसाळीची खूण, कडेवरच्या रेघा, राजाच्या मिशीचे केस. सहाव्या जॉर्जचा 1938 चा मुंबई टाकसाळीचा रुपया कुठल्याही जुन्या नाण्यांच्या दुकानात मिळतो. त्याच टाकसाळीचा, त्याच चांदीचा 1939 चा रुपया मिळवायला मात्र आयुष्य घालवणारे लोक आहेत. दोन्ही मुशीत टाकले तर निघणारी चांदी सारखीच. एका आकड्याने भाव कुठल्या कुठे जातो, आणि म्हणूनच 8 कोरून त्याचा 9 करणारे महाभागही बाजारात असतात.

पण सन जुनं म्हणजे नाणं मौल्यवान हा घरोघरचा समज काही जाता जात नाही. राणीचा 1862 चा रुपया निघाला की घरात कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात त्या सनाचा ठसा पुढे 1874 पर्यंत चालवला गेला. टाकसाळीत नवं वर्ष उजाडलं तरी नाण्यावर 1862 च. खरं साल ओळखायचं तर बारीक ठिपक्यांची मांडणी बघावी लागते. त्यामुळे 1862 चे रुपये ढिगाने आहेत आणि बहुतेकांना चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त मिळत नाही. (वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणून फोन करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. जुन्या नाण्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीपायी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला.)

मग दुर्मिळता येते कुठून? बहुतेक वेळा मुशीतून. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर मानाच्या साखळीत एक हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड उठली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गहजब झाला, पुढच्या वर्षी ठसा दुरुस्त झाला. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडलेल्या रुपयांपैकी जेमतेम सात लाख बाहेर पडले आणि उरलेले सरकारनेच वितळवले. आज ‘डुकराचा रुपया’ म्हणून शौकीन जो जास्तीचा भाव मोजतात, तो त्या भट्टीची कमाई आहे.

याहून मोठी भट्टी पेटली ती अमेरिकेत, आणि तीही आपल्यासाठी. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी चढली की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग पडू लागली. लोकांनी कलदार दाबून ठेवले, सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली आणि नोव्हेंबर 1917 मध्ये एक रुपयाची नोट काढली. त्या नोटेवर चित्र होतं ते रुपयाच्याच नाण्याचं. माणसाचा कागदावर विश्वास नाही, तेव्हा कागदावर निदान चांदीचं चित्र तरी! तेही पुरेना. शेवटी 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने आपल्या तिजोरीतले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटिशांना विकली. तिकडचे संग्राहक आजही त्या चांदीच्या मॉर्गन डॉलरचा भाव करताना अडखळतात. कोणत्या सालचे किती पाडले हे नोंदीत आहे, पण त्यातले उरले किती? आणि आपल्याकडच्या एखाद्या 1919 च्या रुपयात त्यातलाच एखादा डॉलर विरघळलेला असेल.

आमच्या आत्याकडे भट्टीतून वाचलेल्या अशाच रुपयांची माळ होती. प्रत्येक नाण्याला वर कडी डाकलेली, राजाच्या मुकुटावरच. संग्राहकाच्या लेखी अशी नाणी बाद. सराफही डाकाचं वजन वजा करतो, म्हणजे दोन्हीकडे तोटाच. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आत्या ती चिंचेने घासायची. चिंच भिजवून तिचा कोळ चोळला की काळपट थर सुटतो, नाण्याच्या खाचेत गेल्या वर्षीचं कुंकू असतं तेही निघतं, आणि रुपया पांढराफेक होतो. हे पाहून नाण्यांचा जाणकार कपाळाला हात लावेल. त्या काळपट थरालाच त्याच्याकडे किंमत. पण त्याच्या दुकानातली निम्मी नाणी अशाच देवघरांतल्या डब्यांतून आलेली असतात, हे तो सोयीस्करपणे विसरतो. आत्यासारख्या बायकांनी कलदाराला लक्ष्मी मानलं, नडीलाही मोडला नाही, म्हणून तो मुशीतून वाचला. त्यापायी राजाच्या मिशीचे चार केस झिजले असतील तर झिजोत!

आता चांदी चढली की नेमका सर्वसाधारण रुपया अडचणीत येतो. 1939 च्या रुपयाला भट्टीची भीती नाही. 1862 चा, 1906 चा, 1918 चा रुपया मात्र जातो. त्याचं शौकिनी मोल चांदीच्या भावाला चिकटून असतं, भाव वर सरकला की तो आटणीत पडतो. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. कुणाच्या मुलीची फी भागत असेल तर गुळगुळीत झालेला एडवर्ड खुशाल वितळू दे. फक्त पेढीवर ओतण्याआधी डबा घरीच उजेडात रिकामा करावा. 1940 पासून 1945 पर्यंतचे रुपये बाजूला काढावेत, कारण त्यांत चांदी निम्मीच असते आणि सगळ्यांचं वजन एकत्र केलं की भांडण ठरलेलं. मग उरलेल्यांत 1911 दिसतो का ते बघावं. दिसला, तर तेवढा एक मागे ठेवावा आणि बाकीचे सराफाला बेलाशक मोजून द्यावेत.