बिऱ्हाडाचें भाडें

मुलाची बदली नागपुरास झाली आणि भाईंदरचें आमचें बिऱ्हाड हालविण्याचा प्रसंग आला. नुसता समृद्धि महामार्गच ७०१ किलोमीटरांचा! पण मालमोटारवाल्यानें अंतराआधीं घरांतलें सामान न्याहाळलें. तें किती जागा व्यापील, चौथ्या मजल्यावरून लिफ्टनें काय उतरेल, बांधणी, हमाली, टोल, परतीची रिकामी फेरी, मे महिन्याची गर्दी, सारें त्यानें भाड्यांत धरलें. यांपैकीं आमच्या हातीं एकच गोष्ट होती: सामान कमी करणें. जन्मभर विद्यार्थ्यांना अपरिग्रह शिकविला. आतां स्वतःच्या ग्रंथांचीं दोन कपाटें वाचनालयास देतांना हात अडखळला. भाडें मात्र उतरलें. आईचा पाटा-वरवंटा तेवढा सौभाग्यवतींनीं सोडूं दिला नाहीं. त्याचें भाडें मीं आनंदानें दिलें.