भारंगीकाठचा लव्हाळा

कसारा लोकलने वासिंद सोडलं की डाव्या खिडकीत माहुलीचे सुळके दिसू लागतात. आम्ही आसनगावला उतरलो ते खालांना भेटायला. पाऊस नुकताच सरला होता, भातं पिवळी पडत होती. असरच्या नमाजनंतर खालूंनी आम्हांला भारंगीच्या काठी नेलं. त्यांच्या परसाचा एक पट्टाच यंदा पुरात गेला होता.

पलीकडचा काठ मात्र जागेवर होता. तिथं कमरेएवढा लव्हाळा माजलेला. इकडचा खालूंनीच दोन वर्षांपूर्वी उपटून टाकला होता. साप-किरडू नको, काठ स्वच्छ दिसावा म्हणून.

आमच्या धाकटीनं गवत समजून एक काडी तोडली. बोटांत फिरवली तर गोल फिरेना, तीन कडा हाताला लागल्या. हीच त्याची ओळख. गवताची काडी बहुधा गोल आणि पोकळ, लव्हाळ्याची तिधारी आणि भरीव. चिखलाखाली त्याची मुळं आणि आडवी खोडं एकमेकांत गुंतून माती धरून ठेवतात. पूर आला की पाती लवतात, पाणी वरून जातं. वेग मंदावला की गाळ तिथंच बसतो.

लव्हाळा हे एका झाडाचं नाव नाही, घराण्याचं आहे. शेतकरी ज्याला वैतागतो तो मोथा त्यातलाच. कितीही खुरपा, जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. तीच गाठ सुकवली की सुगंधी. खालांच्या उटण्यात ती असतेच. युनानी हकीम तिला साद कूफी म्हणतात, इराकातल्या कूफा शहरावरून. इजिप्तच्या सुरुवातीच्या मुस्लिम सुभेदारांची पत्रं ज्यावर लिहिली गेली तो पपायरसही याच घराण्यातला. तणाचं एवढं मोठं खानदान असेल, असं आम्हांला कधी वाटलं नव्हतं.

भारंगी भातसेला मिळते. ते पाणी पुढं काळूतून उल्हास नदीत आणि शेवटी वसईच्या खाडीत जातं. तिथंही, तिवरांच्या मागे आणि खाजणाच्या बांधांलगत, मचूळ पाणी सोसणारे याचे भाऊबंद उभे असतात. भरतीचा गाळ अडवतात, खेकड्यांना आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतात, बदकं त्यांच्या बिया खातात. तिवर तोडलं तर निदान आरडाओरड होते. लव्हाळ्यावर भराव पडला तर कोण बोलणार?

घरी आल्यावर खाला म्हणाल्या, "अहो, पलीकडून दोन टोपल्या गड्डे आणून लावा परत."

"आणि भातात शिरला तर? निंदणी तू करणार?" खालू तयार नव्हते.

"मी करीन. जमीनच राहिली नाही तर भात कुठं लावणार?"

मगरिबच्या अजानपर्यंत हाच वाद चालला. अखेर वळणावर, शेतापासून लांब, थोडा लावून बघायचं ठरलं. पुढच्या पावसानंतर खालूंनी आम्हांला पाहायला बोलावलंय.