तीन दिवस आणि एक दाखला

मैत्रिणींनो, तुमच्या मुलीचं वय कुणी विचारलं तर तुम्ही कसं सांगता? मी आपली सरळ सांगायची, "तेरा पुरी झाली, चौदावं लागलंय." आपल्या आया-आज्या असंच सांगत आल्या. पण 2024 सालच्या जुलैमध्ये शाळेच्या मैदानावर मला कळलं की, वय मोजायच्या रीती दोन असतात. एक आपली घरातली आणि दुसरी क्रीडा खात्याची. आणि या दोन रीतींच्या मधल्या फटीत आमच्या धाकटीचं एक अख्खं वर्ष जाऊन पडलं.

धाकटी तेव्हा आठवीत होती. पाचवीपासून तिला कबड्डीचं वेड. घरात सरळ चालायचं म्हणून नाही! स्वयंपाकघराचा उंबरा म्हणजे तिची निदान रेषा. तिला पाय लावायचा नि धूम परत पळायचं. सासूबाई म्हणायच्या, "मुलीच्या जातीला काय हे धटिंगणासारखं!" पण सामन्याच्या दिवशी तिच्या हातावर दहीसाखर ठेवायलाही त्याच पुढं. सातवीत असताना ती 14 वर्षांखालच्या संघातून जिल्ह्यापर्यंत खेळून आली होती. आठवीत तीच कप्तान होणार, हे आम्ही घरात गृहीतच धरलं होतं.

प्रवेशिका भरायच्या म्हणून सरांनी पालकांना बोलावलं. मी जन्मदाखला, बोनाफाईड, आधार असं सगळं पिशवीत घालून गेले. सरांनी दाखला पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हिची तारीख 29 डिसेंबर 2010. ही यंदा चौदाखाली बसत नाही."

मला हसूच आलं. म्हटलं, "अहो सर, तिला चौदा पुरी व्हायला अजून पाच महिने आहेत!"

सरांनी परिपत्रक पुढं केलं. 2024-25 च्या स्पर्धांसाठी 14 वर्षांखालील गटात 1 जानेवारी 2011 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच चालणार. सामने भर पावसाळ्यात होवोत नाहीतर दिवाळीच्या आसपास, वय धरायचं ते वर्षाच्या शेवटच्या दिवसाचं. म्हणजे माझी मुलगी मैदानावर उभी असेल तेव्हा तेरा वर्षांचीच असेल, पण कागदावर चौदाची धरली जाईल. तीन दिवस उशिरा जन्मली असती, तर आणखी एक वर्ष तिचं होतं.

आता ही शालेय स्पर्धांची उतरंड तुम्हांला थोडक्यात सांगते, कारण मलाही तेव्हाच कळली. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी देश. देशपातळीच्या स्पर्धा भारतीय शालेय खेळ महासंघ घेतो. हा महासंघ 1954 सालचा. गट तीन : 14, 17 आणि 19 वर्षांखालील. चौदातून बाहेर पडलेल्या मुलीला थेट सतराच्या गटात जावं लागतं, म्हणजे आठवीतल्या चिमणीनं दहावी-अकरावीतल्या थोराड मुलींच्या पकडीतून सुटायचं. माझ्या पोटात गोळाच आला.

आणि डिसेंबरच्या मुलांचं हे दुखणं जगभरचं आहे बरं का! 1980 च्या दशकात कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा निवडलेल्या मुलांत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले खूप आणि वर्षाअखेरचे थोडे निघाले. तिथंही वर्गवारी 1 जानेवारीपासूनच होती. लहान वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे वीतभर उंचीचा फरक. मोठ्या दिसणाऱ्याला आधी निवडतात, त्यालाच जास्त शिकवतात आणि मग तो खरोखरच पुढं जातो.

पण हे शहाणपण मागाहूनचं. त्या संध्याकाळी आमच्याकडे संघातल्याच एका मुलीचे वडील आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, मुलगी तुमच्या माहेरी झाली ना? तिकडे आपला माणूस आहे. 29 डिसेंबरच्या जागी 1 जानेवारी असा दाखला मिळेल. शाळेच्या जनरल रजिस्टरचंही बघू. तीन दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?"

मी आत भाजी परतत होते, पण कान बाहेरच. खरं सांगू? मला राग आला नाही. मला वाटलं, खरंच, काय बिघडतंय? राज्य पातळीपर्यंत गेली तर दहावीला क्रीडागुण मिळतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. आपल्यासारख्यांच्या मुलींना वर जायला असे जिने तरी किती असतात?

रात्री आमच्या ह्यांनी विषय काढला. म्हणाले, "पकडले गेलो तर? क्रिकेटवाले डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ओळखतात. 2020 मध्ये मंडळानं जाहीर केलं होतं की, खोटी तारीख लावली असं जो आपणहून कबूल करील त्याला माफी, आणि लपवून ठेवून सापडला तर दोन वर्षं बंदी."

मी म्हटलं, "अहो, हाडांवरून वर्षाचा अंदाज येत असेल, तीन दिवस थोडेच कळणार!" आणि बोलता बोलताच मला धस्स झालं. म्हणजे हे कुणालाच कळणार नव्हतं. कळणार होतं ते फक्त आम्हां दोघांना, आणि तिला.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेहून नणंदेचा फोन आला. त्या टेक्ससमध्ये असतात, मुलगा तिथल्या हायस्कुलात खेळतो. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, इकडेही नियम काही कमी नाहीत." टेक्ससमध्ये 1984 साली कायदा झाला की, एखाद्या विषयात सत्तरपेक्षा कमी गुण मिळाले तर सहा आठवडे शाळेतर्फे खेळायचं नाही. 'पास नाही तर खेळ नाही' असंच त्याचं नाव पडलंय. पुढं 1995 मध्ये सहाचे तीन आठवडे केले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 2001 साली न्यूयॉर्कच्या लहान मुलांच्या बेसबॉल संघात डॅनी अल्मोंटे नावाचा मुलगा चेंडू असा फेकायचा की, देशभर त्याचं कौतुक झालं. मग उघड झालं की, मुलगा बाराचा नसून चौदाचा होता. वडिलांनी खोटा दाखला केला होता. संघाचे सगळे विजय रद्द झाले. "दाखला बापानं केला," नणंद म्हणाल्या, "पण नाव अजून मुलाचंच घेतात."

तरीही त्या रात्री मी कपाटातून मूळ दाखला काढलाच. एकदा बघावा म्हणून. कागद हातात घेतला आणि मला सगळं आठवलं. माहेरची ती मार्गशीर्षातली थंडी, बुधवारची रात्र, शेकायला आणलेली निखाऱ्यांची पाटी. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरात सोयर आलेलं, म्हणून आईनं घट मांडला नाही. शेजारच्या काकूंकडून पूजा करून घेतली आणि म्हणाली, "यंदा लक्ष्मी पायांनी चालत आली गं!" ती तारीख काय नुसती शाईची होती? माझ्या अंगावर आलेल्या कळांची ती तारीख होती.

आणखी एक सांगते. माझा स्वतःचा कागदावरचा वाढदिवस आहे 1 जून. हसलात ना? तुमच्यातल्याही कितीतरी जणींचा, निदान तुमच्या आईवडिलांचा तरी, 1 जूनच असेल. शाळा जूनमध्ये उघडायच्या, बाप म्हणायचा "घ्या सहाची धरून" आणि गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. आई सांगते, मी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाले. पण साल विचारलं तर तिला नक्की आठवत नाही, आणि वडील आता नाहीत. माझं खरं वय मला माहीत नाही, मैत्रिणींनो. बँकेत, दवाखान्यात कुणी जन्मतारीख विचारली की मी दुसऱ्याच कुणाची तरी सांगते असं वाटतं. त्या गुरुजींच्या मनात काही पाप नव्हतं. पण मी तर जाणूनबुजून ते माझ्या लेकीला देणार होते.

मी असा विचार करतेय तोवर दारात धाकटी उभी. तिनं सगळं ऐकलेलं होतं; मुलांना ऐकू येतंच. म्हणाली, "आई, मग माझा वाढदिवस कधी करायचा? आणि वर्गात सगळ्यांना माहीतच आहे ना 29 तारीख. त्यांना काय सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही. मी दाखला पिशवीत घातला, पिशवी कपाटात ठेवली. सकाळी ह्यांनी त्या गृहस्थांना "नको" म्हणून कळवलं. ते जरा नाराज झाले. अजूनही रस्त्यात भेटले की घाईत असतात.

आता तुम्ही म्हणाल, पुढं ती सतराच्या गटात चमकली असेल. तर नाही. त्या वर्षी ती राखीव खेळाडू म्हणून बसून होती. तालुक्याला एका सामन्यात शेवटची चार मिनिटं उतरली, पहिल्याच चढाईत तिघींनी धरली आणि गुडघा फोडून घेऊन घरी आली. मी हळद लावली. ती रडली, मीही पदराआड रडले. 2025 मध्ये मात्र तिला सातांत जागा मिळाली. संघ जिल्ह्याला हरला, पण थोराड मुलींच्या हातातून निसटायची युक्ती तिला आता येते.

चौदाच्या संघात तिच्या जागी जी मुलगी आली, तिची आई आठवडेबाजारात भाजी विकते. सामन्याच्या दिवशी पाटी शेजारणीवर सोपवून ती माउली मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. लेकीनं एक गडी मारला तशी जी काय ओरडली! मी तिच्या शेजारीच होते. मनात आलं, आमचा तो खोटा दाखला झाला असता, तर हिची मुलगी बाहेर बसली असती, आणि तिला कारणसुद्धा कळलं नसतं. "कुणाचं काय बिघडतंय" याचं उत्तर असं माझ्या शेजारी उभं होतं.

जाता जाता, चार व्यवहाराच्या गोष्टी. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्या. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण प्रवेशिका भरायच्या आदल्या दिवशी धावाधाव नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, तेव्हा सुनेच्या, भाचीच्या बाळंतपणात याची आठवण करून द्या. दाखला, शाळा आणि आधार तिन्हीकडे नाव एकसारखं लिहिलेलं आहे ना, ते जूनमध्येच पाहा. गटाची तारीख दरवर्षी एक वर्षानं पुढं सरकते, ती सरांना आधीच विचारून ठेवा.

आणि कबड्डीवाल्या आयांनो, वजनाची अटही असते. कबड्डी महासंघाच्या लहान गटात 16 वर्षं आणि 55 किलो अशी मर्यादा आहे. वजन भरायच्या आधी दोन दिवस मुलींना उपाशी ठेवणाऱ्या आया मी पाहिल्यात. वाढत्या वयातल्या मुलीच्या ताटातली भाकरी काढून घेऊ नका हो. वजन बसत नसेल तर पुढच्या गटात खेळू द्या. तिला थोडं अवघड जाईल, पण जेवून जाईल.

गेल्या 29 डिसेंबरला आम्ही घरीच शिरा केला, औक्षण केलं. ओवाळताना सासूबाईंनी विचारलं, "किती पुरी झाली गं?" धाकटी म्हणाली, "पंधरा. घरातली पण, नि कागदावरची पण."